टाकीचा ठाव

'सेप्टिक टाकी भरली' असे चांगली शिकलेली माणसेही बिनदिक्कत म्हणतात आणि तिथेच त्यांचे अज्ञान उघडे पडते. ही टाकी वापर सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत भरते आणि पुढे जन्मभर भरलेलीच राहते. ती रिकामी दिसली, तर कुठेतरी गळते आहे असे खुशाल समजावे. जड गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले, त्यातल्या त्यात सभ्य, पाणी शोषखड्ड्याकडे निघून जाते. हवेवाचून जगणारे जिवाणू तो गाळ पचवत बसलेले असतात. परंतु त्यांनाही सगळेच पचत नाही, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी गाळ उपसून घ्यावा लागतो. घरमालकाकडून टाकीची अपेक्षा काय ती एवढीच, आणि आमच्या कोकणातल्या घराने ही एक सोडून तिची बाकी सर्व सेवा मनोभावे केली होती.

शेजारचे तात्या म्हणाले म्हणून तिला शेणकाला पाजला, गूळ घातला, आंबट ताकही ओतले. वास्तविक जिवाणूंचा ताजा पुरवठा घरातील लहानथोर रोज सकाळी विनामूल्य करत असतात, त्यासाठी ताक नासण्याचे कारण नव्हते. दुसरीकडे काकूंची स्वच्छतेची व्याख्या डोळ्यांतून पाणी काढणारी असल्यामुळे संडासात फिनेल आणि ॲसिड यांचा अभिषेक चालूच असे. एका हाताने पोसायचे आणि दुसऱ्या हाताने मारायचे, अशा राजवटीत जिवाणूंनी इतकी वर्षे तग धरला, हेच नवल.

श्रावण सरता सरता न्हाणीघराच्या मोरीतून गुळण्या केल्यासारखे आवाज येऊ लागले. पावसाने जांभ्याची जमीन तुडुंब भिजलेली, शोषखड्डा स्वतःच पाण्यात बसलेला आणि गणपतीला येणारे चाकरमानी तिकिटे काढून मोकळे झालेले. उपसा करणे आता भागच होते. मात्र त्यासाठी टाकी नेमकी कुठे आहे, हे कोणाला तरी माहीत असणे आवश्यक होते. मुंबईच्या काकांनी मागे हौसेने अंगणभर फरशी घालून घेतली होती आणि ती घालणाऱ्या गवंड्याने ढाप्यासकट सारे काही एका पातळीत आणून ठेवले होते.

मग संशोधन सुरू झाले. वायूच्या नळीवरून एकाने दिशा ठरवली, दुसऱ्याने आत बादलीभर पाणी सोडायला लावून जमिनीला कान लावला आणि तात्या पहारीच्या बोथट टोकाने वैद्याच्या गांभीर्याने अंगण ठोकत फिरले. पोकळ आवाज आला तो काकांनी खास निवडलेल्या कमळाच्या नक्षीच्या बरोबर मध्यावर. काकांना फोनवरून ही वार्ता दिली, तेव्हा त्यांनी टाकी थोडी बाजूला असण्याची शक्यता तपासून पाहण्यास सांगितले. कमळ फुटले. खाली सिमेंटचा ढापा, त्याच्या दोन कड्या गंजून पापडासारख्या झालेल्या; तो जरासा उचलला जाताच फटीतून झुरळांची वरात निघाली आणि तिच्या मागोमाग वास आला.

उपशाची गाडी तालुक्याहून आली आणि अर्थातच वर रस्त्यावरच थांबली, कारण घर पाखाडीच्या खाली. कितीही चांगला पंप लावला तरी निर्वात ओढीने पाणी दहा मीटरपेक्षा वर चढत नाही, हे शाळेत पाठ केले होते; मैला तर त्याहूनही आळशी. गाडीवाल्याने चढ डोळ्यांनी मापला आणि पाइप तात्यांच्या परसातून नेला तरच जमेल, असा निर्वाळा दिला. सल्ले देताना सढळ असलेले तात्या परसाच्या बाबतीत एकदम विचारी झाले. त्यांच्या अळवाला धक्का लागणार नाही, अशी हमी मिळाल्यावरच पाइप आत आला.

तळाचा गाळ घट्ट झालेला पाहून कोणीतरी 'एखादा माणूस आत उतरवून ढवळून घ्या' असे सुचवले. गाडीवाला क्षणभर थांबला आणि म्हणाला, "दादा, तुम्ही उतरता?" त्याचे बरोबर होते. सडक्या अंड्यासारखा वास देणारा तो वायू वाढला की आधी नाकच बधिर करतो. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच संपतो. सुरक्षासाधनांवाचून माणसाला टाकीत उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, तरीही बातम्या थांबलेल्या नाहीत. गाळ वरूनच पाणी मारून, लांब बांबूने ढवळून सैल केला गेला. वेळ लागला, तो लागू दिला.

वाई आणि सिन्नरला ठरलेल्या वेळापत्रकाने घरोघरच्या टाक्या उपसल्या जातात. आमच्याकडे गाडी गेल्यावर वेळापत्रकाऐवजी बिलाचा विषय निघाला. काकांनी मुंबईहून असे मत मांडले की, आपण वर्षातून गणपतीपुरतेच येतो, तेव्हा खर्च वापराच्या दिवसांवर विभागणे न्याय्य ठरेल. काकूंनी फोन हातात घेतला आणि दिवसांऐवजी पानावरच्या मोदकांवर विभागणी करायची असल्यास आपली काहीच हरकत नाही, असे शांतपणे कळवले. निम्मी रक्कम संध्याकाळपर्यंत खात्यावर जमा झाली.