‘कारखाने आले आणि समाज आपोआप सुधारला’ म्हणे!

वागळे इस्टेट या ठाण्यातल्या औद्योगिक वसाहतीचा जुना फोटो लावलेला एक मेसेज सध्या ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. सार असं : कारखाने येण्याआधी इथे नुसती खाजणं, म्हणजे खाडीकाठची ओसाड दलदल होती, यंत्रांनी जात मोडली, मालकांनी कामगाराला सुट्टी दिली आणि शेवटी युनियनवाल्यांनी सगळ्याचं वाटोळं केलं.

खाजणांपासून सुरू करू. औद्योगिक वसाहती उभारणारी एमआयडीसी १९६२ची, नवी मुंबई वसवणारी सिडको १९७०ची. त्याआधी ठाणे-बेलापूर पट्ट्यात मिठागरं होती, खाडीतली मासेमारी होती. खारं पाणी बांध घालून अडवायचं आणि त्या जमिनीत भात काढायचा, हे आगरी-कोळी माणसं पिढ्यान्पिढ्या करत आली होती. ओसाड जमिनीसाठी कोण कशाला गोळ्या झेलेल? नवी मुंबईच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, जानेवारी १९८४मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्यानंतरची.

आता जात. रेल्वेने सगळ्यांना एका गाडीत बसवलं, एवढं मान्य. पण मुंबईच्या गिरण्यांत काय होतं? मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी घालताना सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. दुसऱ्याच्या तोंडचा धोटा आपण कसा ओठाला लावायचा, या सबबीवर दलित कामगारांना विणकाम खात्यात येऊच देत नसत. आणि चांगला पगार नेमका त्याच खात्यात! यंत्र विलायतेचं, विटाळ आपला. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी ही बंदी ऐरणीवर आणली, तेव्हा संपाचे पुढारीसुद्धा फार उत्साही नव्हते. यंत्राने मोडली म्हणतात ती जात गिरणीच्या खात्याखात्यांत वाटून घेतलेली होती.

सुट्टीचं थोडक्यात. रविवारची सुट्टी गिरणी कामगारांना १८९०मध्ये मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा घेऊन, सह्या गोळा करून, वर्षानुवर्षं अर्ज करून मिळवली. लोखंडे जन्मले ठाण्यातच. निदान ठाणेकरांनी तरी हा मुद्दा फॉरवर्ड करायला नको होता.

राहिली युनियन. १९८२चा गिरणी संप फसला, त्यात नेतृत्वाच्या चुकाही होत्या. पण गिरण्यांचं काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळायला संपाच्या आधीच सुरुवात झाली होती. संपात ते आणखी वाढलं. पत्र्याच्या शेडमध्ये बारा-बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर, हजेरीपटाचा पत्ता नाही. कापड स्वस्तात निघत होतं ते अशा पाळ्यांवर. ठाण्यात तर कंपनी चालवण्यापेक्षा तिची जमीन विकणं परवडू लागलं. पोखरण रोडवरचे टॉवर कुणाच्या आवारात उभे आहेत, जुन्या ठाणेकराला विचारा. आणि युनियनने धंदा बुडतो म्हणता, तर युनियनचं नावही न ऐकलेल्या भिवंडीतल्या शेडना मंदी आली की महिनोन्महिने कुलपं का लागतात?