वीस आवाज, सात माणसं आणि ‘खोटं स्वातंत्र्य’

महिनाभर एक मेसेज आमच्या पेठेतल्या ग्रुपवर फिरतोय. म्हणणं असं: इन्क्रेडिबॉक्ससारख्या, आवाज जोडून गाणं बनवायच्या गेममध्ये मूल काहीच निर्माण करत नाही, त्याला मिळतं ते ‘खोटं स्वातंत्र्य’. आवाज तयार मिळतात, चूक होऊच शकत नाही, उलट कान बिघडतो. त्यापेक्षा क्लासला घाला. मी कोल्हापुरात पंधरा वर्षं तबल्याचा क्लास घेतो, आणि हा गेम भाच्याशेजारी बसून खेळलोय. मला हे पटत नाही.

आधी ‘तयार आवाजां’चं बघू. हा खेळ २००९ साली फ्रान्समध्ये निघाला. पडद्यावर सात माणसं ओळीनं उभी असतात, खाली वीस चिन्हं: ठेके, इफेक्ट, सुरावटी, गाते आवाज. चिन्ह ओढून माणसावर टाकलं की तो ते तोंडानं फेरीफेरीनं पुन्हापुन्हा वाजवायला लागतो. वीसातले सात निवडायचे म्हटले तरी ७७,५२० जुळण्या होतात. पण आकडा सोडा. तबल्याचे धा, तिट, तिरकिट हे बोल तरी मी कुठं बनवलेत? कायदा म्हणजे तबल्याची ठरलेल्या बोलांची रचना; ती वाढवताना तर त्यातलेच बोल उलटेसुलटे करायचे, बाहेरचा घ्यायची मुभा नसते, आणि तिथंच वाजवणाऱ्याचं डोकं दिसतं. हलगीचंही तेच. शेकून ताणलेलं एक कातडं, एक जाड काठी, एक बारीक. तरी खासबागेत पैलवान उतरताना वाजते ती हलगी आणि मिरवणुकीतली हलगी वेगळी, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. थोर गवई अल्लादियाखाँसाहेब ज्या कोल्हापूरच्या दरबारात गायले, तिथं तरी ‘बंधन आलं म्हणजे निर्मिती संपली’ असं कुणी म्हणू नये. भूप रागात पाचच सूर आहेत.

‘चूक होऊच शकत नाही’ हे अर्धं खरं आहे. वीस आवाजांच्या एका संचातले सगळे आवाज एकाच लयीत, एकाच पट्टीत बांधलेले असतात, त्यामुळं बेसूर काही होत नाही. पण वाईट होतं, आणि मुलांना ते कळतं. नऊ वर्षांच्या भाच्यानं सातही माणसं कामाला लावली, जरा ऐकलं आणि म्हणाला, “मामा, लई गर्दी झाली.” चार काढले. मग एक घुमणारा खालचा आवाज आणि एक गाता आवाज, एवढंच ठेवून बोटांवर मोजत थांबला. नवा आवाज चालू फेरी संपल्यावरच सुरू होतो, हे त्यानं आपलं आपण ओळखलं होतं. मग ठेका टाकला, तो अगदी हवा तिथं आला. समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघायला मी क्लासमध्ये मुलांना वर्षभर सांगत असतो.

एका ठिकाणी मात्र मेसेज बरोबर आहे. या गेममध्ये स्वतःची चाल बांधता येत नाही, एक सूरही हलवता येत नाही. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तर लांबच. ज्या मुलाला स्वतःची चाल हवी त्याला हा खेळ पुरणार नाही. पण म्हणून सगळे गेम एका मापानं मोजू नका. माइनक्राफ्ट या ठोकळे रचायच्या गेममधल्या नोट ब्लॉकवर, म्हणजे सूर देणाऱ्या ठोकळ्यावर, प्रत्येक टिचकीला सूर अर्ध्या पायरीनं चढतो, एकूण २५ सूर, म्हणजे पुरी दोन सप्तकं मिळतात. तिथं मुलं एकेक सूर लावून अख्खी चाल उभी करतात.

कान बिघडतो म्हणणाऱ्यानं कसा बिघडतो ते लिहिलेलं नाही.

राहिला क्लास. जरूर घाला, माझं पोट त्यावर चालतं. पण पहिल्या वर्षी माझ्याकडं मुलाला काय स्वातंत्र्य असतं? काहीच नाही. मी सांगेन तो बोल, मी सांगेन त्या लयीत, हात बसेपर्यंत. ते तसंच हवं. पण ‘आता काय वाजवू’ हा प्रश्न त्या वर्षात मुलाच्या वाट्याला येतच नाही, आणि गेममध्ये तो दर फेरीला येतो.

परवा रविवारी भाच्यानं मोबाईल बाजूला ठेवला आणि तोच ठेका तोंडानं म्हणून दाखवला. मध्येच एक ‘तक्’ आला. तो त्या वीस आवाजांत कुठंच नाही.