पाना धरणारा माणूस

रस्त्याच्या कडेला मोटारसायकल उभी करून तिच्याकडे खिन्नपणे पाहत बसलेल्या माणसाला ‘काय झालं?’ असे विचारू नये, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी आरे-वारेच्या चढावर कळले. मे महिन्यातला रविवार होता. खाली समुद्र, वर तापलेला कातळ, आणि मी रत्नागिरीहून मालगुंडला मावशीकडे फणसाची भाजी आणि आमरस या दोनच उद्देशांनी स्कूटरवरून निघालो होतो. प्रश्नाला त्या गृहस्थांनी उत्तर दिले नाही. त्यांनी माझ्या हातात प्लगचा पाना ठेवला.

गाडी येझदी होती. म्हैसूरच्या कारखान्यातले उत्पादन १९९६ साली थांबले, तरी मालकांच्या अभिमानात अजून पूर्ण वेगाने धावणारी, अडीचशे सीसीची, दोन सायलेन्सरांची टू-स्ट्रोक. तिला किक आणि गिअर यांसाठी मिळून एकच दांडा असतो. तो आत दाबून वर फिरवला की किक होते आणि पुन्हा जागेवर पाडला की गिअर. एका छत्रीत अख्ख्या घराचा पावसाळा काढणाऱ्या आमच्या मुलखाला ही काटकसर इतकी शोभते, की मूळ आराखडा चेक लोकांचा आहे यावर माझा अजूनही विश्वास बसत नाही.

यंत्रांविषयीचे माझे ज्ञान पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडण्यापाशी संपते. परंतु मदतनीसाला ज्ञान लागत नाही, असे माझ्या लवकरच ध्यानात आले. मागितलेला पाना देणे, न मागितलेला परत घेणे, आणि मधूनमधून ‘बरोबर’ म्हणणे, एवढे त्याला जमले की पुरते. प्लग काढून तो इंजिनाच्या पात्यांना टेकवून धरण्याचे काम मात्र माझ्याकडे आले, कारण गृहस्थांना किक मारायची होती. भर उन्हात ठिणगी दिसणे कठीण, म्हणून मी दुसऱ्या हाताने सावली धरून अगदी नाक लावून वाकलो.

“दिसली?” त्यांनी विचारले.

“दिसली नाही, पण लागली,” मी कातळावर बसून सांगितले.

“मग येतेय-जातेय. पॉइंट!” ते समाधानाने म्हणाले. माझ्या कोपरापर्यंत आलेल्या झिणझिण्यांचा रोगनिदानाला इतका उपयोग होईल, असे मला वाटले नव्हते.

पॉइंट म्हणजे झाकणाआड एकमेकींना चिकटून बसलेल्या दोन बारीक टिकल्या. इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याला त्या एकदा विलग होतात आणि त्याच क्षणी कॉइलमधला विजेचा दाब उसळून प्लगवर ठिणगी पडते. मात्र खाऱ्या हवेने त्यांच्यावर थर धरला, की त्या टेकूनही न टेकल्यासारख्या राहतात. (एकाच घरात राहून अबोला धरलेल्या भावांची उदाहरणे मला सुचत होती, पण पाना धरणाऱ्याने बोलू नये.) गृहस्थांनी पॉलिश पेपरची पट्टी त्यांच्यात सरकवून घासायला सुरुवात केली, आणि झाकणाचा स्क्रू सांभाळायला माझ्याकडे दिला. तो मी तत्काळ तांबड्या खडीत पाडला.

यापुढची वीस मिनिटे आम्ही दोघे रांगत होतो. एसटी आली, तिचा वेग कमी झाला आणि ड्रायव्हरने खिडकीतून “प्लग बघितलात काय?” असे विचारून उत्तराची वाट न पाहता पुढचा गिअर टाकला. दोन पर्यटकांनी आमचा फोटो काढला. मग डोक्यावर माशांची पाटी घेतलेल्या एक मावशी थांबल्या आणि म्हणाल्या, “पेट्रोल हाय ना?” आम्ही एकमेकांकडे पाहिले, दोघांपैकी कोणीही तोवर टाकी हलवून पाहिली नव्हती. सुदैवाने पेट्रोल होते. “आणि ह्यो काय?” असे म्हणत त्यांनी पायाच्या अंगठ्याने स्क्रू पुढे ढकलला आणि त्या निघूनही गेल्या.

तिसऱ्या किकला येझदीने निळा धूर सोडला आणि साऱ्या चढाला ऐकू जाईल असा आवाज केला. ती पुन्हा बंद पडण्याच्या भीतीने गृहस्थ थांबले नाहीत. हात हलवत निघून गेले. पॉइंट पुसायला दिलेला माझा रुमालही त्यांच्याबरोबर गेला.

मालगुंडला मावशीने माझे काळे हात पाहून राख आणि नारळाची शेंडी पुढे केली. मावशीचे यजमान अण्णा मात्र त्या हातांकडे वाढत्या आदराने पाहत राहिले.

“येझदी? आणि सुरू केलीस?”

“सुरू झाली,” मी म्हणालो. खरे तर इथे खुलासा करायला हवा होता, पण आमरसाचा वास येत होता.

जेवणानंतर त्यांनी मला आडवे होऊ दिले नाही. मागच्या पडवीत नेऊन त्यांनी गोणपाटे बाजूला केली, तेव्हा खाली एक राजदूत मोटारसायकल निघाली आणि तिच्या सीटवर अंड्यांवर बसलेली कोंबडी. अण्णांनी कोनाड्यात हात घालून गंजलेला प्लगचा पाना काढला आणि माझ्या हातात ठेवला. कोंबडी माझ्याकडे पाहत होती.