केस नाहीत म्हणून काळजी नाही, हे साफ खोटं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. स्फिंक्स जातीच्या, अंगावर केस नसलेल्या मांजराच्या पिल्लाचा फोटो आणि खाली मजकूर: इजिप्तची प्राचीन जात. केस नाहीत म्हणून ॲलर्जी नाही. आंघोळ घालायला नको. बेळगावची थंड हवा मानवते. स्वभाव शांत, दिवसभर एकटं राहतं. घरचा दूध-भात खातं. आजार होत नाहीत. यातलं एकही विधान टिकत नाही. अशा पिल्लाला लोक भरपूर पैसे मोजतात, तेव्हा फसवणूक माणसाची होतेच. पण भोगावं लागतं त्या मुक्या जीवाला, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

इजिप्तचं आधी संपवू. ही जात १९६६ साली कॅनडातल्या टोरांटोत जन्मलेल्या एका केसविरहित पिल्लापासून ओळखली जाऊ लागली. जनुकात बदल झाल्याने केस धरतच नाहीत, किंवा मखमलीसारखी बारीक लव तेवढी येते. इजिप्तचा संबंध फक्त नावापुरता.

ॲलर्जीचा मुद्दा जास्त गंभीर, कारण घरात दम्याचं माणूस असतानाही याच एका वाक्यावर भिस्त ठेवून पिल्लू आणलं जातं. मांजराची ॲलर्जी मुळात केसांची नसतेच. फेल डी १ नावाचं एक प्रथिन त्याच्या लाळेत आणि त्वचेच्या तैलग्रंथींत तयार होतं. मांजर अंग चाटतं, लाळ वाळते, त्वचेचा सूक्ष्म कोंडा हवेत उडतो आणि शिंका सुरू होतात. स्फिंक्सला लाळ आहे, तैलग्रंथी आहेत, चाटण्याची सवयही आहे. केस नसल्याने अंगावरचं सगळं थेट चादरीला, उशीला, आपल्या हाताला लागतं. आपल्याकडे पावसाळ्यात खिडक्या बंद, भिंतींना ओल; अशा घरात त्रास वाढायलाच जागा. ज्याला ॲलर्जी आहे त्याने त्याच मांजराबरोबर वेगवेगळ्या दिवशी काही तास बसून बघावं, आपल्या डॉक्टरांशी बोलावं आणि मगच ठरवावं.

आता आंघोळ. सगळ्यात मोठा घोळ इथे आहे. साध्या मांजराच्या अंगातलं तेल केसांवर पसरतं आणि चाटता चाटता निघून जातं. केसच नसले की ते कातडीवर साचतं, त्यावर धूळ बसते, वळ्यांत आणि नखांच्या मुळाशी काळपट मळ धरतो, चादरीवर तपकिरी डाग पडतात. केस जे काम करत होते ते आता तुम्हाला करायचं असतं. साधारण आठवड्याने किंवा दहा दिवसांनी कोमट पाण्याने, मांजरासाठीच्या सौम्य शाम्पूने आंघोळ, आणि लगेच टॉवेलने कोरडं करणं. रोज घातली तर कातडी कोरडी पडते. कानात केस नसल्याने मेण आणि धूळ भराभर साचते. डॉक्टरांनी दिलेल्या द्रावणाने कापूस भिजवून पुसायचं, इअरबड आत घालायचा नाही. पापण्यांना केस नसतात किंवा अगदी तुरळक असतात, त्यामुळे डोळ्यांच्या कोपऱ्यातली घाणही पुसावी लागते.

आणि हे कृपा करून लक्षात ठेवा: आंघोळीच्या पाण्यात डेटॉल घालायचं नाही. आपल्या घरांत बाळंतिणीपासून जखमेपर्यंत सगळीकडे डेटॉल चालतं, म्हणून हात सहज तिकडे जातो. पण फिनॉल गटातली रसायनं शरीराबाहेर टाकायची मांजराच्या यकृताची ताकद फार कमी असते. उघड्या कातडीतून आणि चाटण्यातून ती आत जातात आणि विषबाधा होते. फिनेलने पुसलेल्या ओल्या फरशीवर मांजर बसणं त्याच कारणाने धोक्याचं. फरशी साध्या पाण्याने पुन्हा पुसा, वाळू द्या, मग त्याला खोलीत सोडा.

बेळगावची हवा मानवते म्हणणाऱ्याने इथला हिवाळा काढलेला नसावा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १२-१३ अंशांवर येतो आणि जांबोटी-खानापूरकडे पावसाळ्यात झड लागली की कपडे दिवसेंदिवस वाळत नाहीत. मांजराच्या शरीराचं तापमान ३८-३९ अंश. ते राखायला केसांचं पांघरूण हवं आणि तेच या जीवाकडे नाही. जुनी सुती गोधडी, अंगात सुती स्वेटर आणि तो वरचेवर धुतलेला, कारण तेल त्यालाही लागतं. ऊब शोधत ते बंबाजवळ, चुलीजवळ, हीटरला चिकटून बसतं आणि भाजून घेतं. तिथे लक्ष हवंच. एप्रिल-मे महिन्यात उलटी तऱ्हा. गच्चीवर ऊन खात पडलं तर कातडी करपते, गोऱ्या अंगाची तर लवकरच. माणसांचं सनस्क्रीन लावू नका, चाटल्यावर ते पोटात जातं.

स्वभावाबद्दल मला मनापासून लिहायचंय, कारण या मांजराचा खरा गोडवा त्यात आहे आणि मेसेजने त्याच्यावरच बोळा फिरवलाय. शांत? हे मांजर दिवसभर तुमच्या मागे मागे फिरतं, खांद्यावर चढतं, पाहुण्याच्या मांडीत जाऊन बसतं, रात्री पांघरुणात शिरतं. बोललं की उत्तर देतं. आपल्या गल्लीतलं माळ्यावर झोपणारं मांजर माणसाशिवाय दुपार काढतं. याला ते जमत नाही. नवरा-बायको दोघं सकाळी उद्यमबागेत कामाला आणि संध्याकाळी परत, मधे घराला कुलूप, अशा ठिकाणी ते ओरडत राहतं, अंग चाटून चाटून जखमा करून घेतं, नको तिथे लघवी करतं. मग त्याला ‘बिघडलेलं’ ठरवतात. घरात कोणीतरी असणारं कुटुंब हवं, नाहीतर जोडीला दुसरं मांजर. बाहेर मोकळं तर सोडूच नये.

दूध-भाताने मांजर जगत नाही. त्याला मांसातून मिळणारं टॉरिन लागतंच. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा आणि हृदय खराब होतं. अंगाची ऊब टिकवायला स्फिंक्सला खाणंही जास्त लागतं. घरी मांसाहार होत नसेल तर मांजरासाठीचं तयार खाद्य द्या, पण श्रावण आहे म्हणून त्याचं मांस बंद करू नका. मोठ्या मांजरांना बहुधा दूध पचत नाही, जुलाब होतात.

राहिला आजार. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाच्या भिंती जाड होत जाण्याचा आजार, या जातीत ठळकपणे आढळतो. मांजर खेळतं, खातं, बाहेरून काही कळत नाही. मग एक दिवस रक्ताची गाठ अडकून मागचे पाय लुळे पडतात, नाहीतर ते अचानक जातं. नुसत्या स्टेथोस्कोपने तो दर वेळी सापडत नाही, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी लागते, आणि ती ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते. अशा प्राण्यांच्या हालअपेष्टांचा विचार करूनच नेदरलँड्सने १ जानेवारी २०२६ पासून केसविरहित मांजरं नव्याने पाळण्यावर बंदी आणली आहे.

पिल्लू दाखवणाऱ्याला आई-बापाचे इको रिपोर्ट मागा, लसीचं कार्ड मागा, आईला प्रत्यक्ष बघायचंय म्हणून सांगा. तो टाळाटाळ करत असेल तर ॲडव्हान्स देऊ नका. आधीच आणलं असेल तर या आठवड्यात तुमच्या जनावरांच्या डॉक्टरांना एवढंच विचारा: मांजराचा इको इथे होतो का, नाही तर कोल्हापूर, हुबळी, पुणे यांपैकी कुठे जायचं.