डिस्कचा सातबारा

घरातल्या जुन्या संगणकावर लिनक्स ही फुकटची संगणकप्रणाली बसवून, त्याला दोन डिस्क जोडून, त्यांतले फोटो घरात कुठूनही पाहता येतील अशी व्यवस्था मी केली, आणि तिचे संपूर्ण श्रेय परवा आमच्याकडे भडंग खात बसलेल्या भाऊसाहेबांना देण्यात आले. हा मजकूर म्हणजे त्या निकालाविरुद्धचे माझे अपील समजावे.

खटाटोपाचे कारण सांगलीकरांना सांगायला नको. २०१९च्या महापुरात आमच्या गावभागातल्या घरातील निम्म्या अल्बमांचा लगदा झाला. उरलेले फोटो स्कॅन करून विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये दोन डिस्कवर ठेवावेत, एवढाच हेतू होता.

भाऊसाहेब म्हणजे खालच्या मजल्यावरचे निवृत्त तलाठी. वर्तमानपत्र परत करायला आले आणि पडद्यावर मालक, गट व इतर असे रकाने दिसताच खुर्ची ओढून बसले.

"मालक कोण लागलाय?"

"रूट."

"हा कोण रूट? आपल्या वॉर्डातला दिसत नाही."

नवी डिस्क फॉरमॅट केली की तिची मालकी प्रथम रूट या सर्वाधिकारी खात्याकडे असते आणि इतरांना केवळ वाचण्याचा हक्क मिळतो, हे मी शक्य तितक्या सौम्यपणे सांगितले.

"म्हणजे पैसे तुमचे, डिस्क तुमची, आणि उतारा तिसऱ्याच्याच नावावर? आणि तुम्ही गप बसलाय?"

मी मालकी बदलली. मग त्यांनी माझ्या कीबोर्डावर तिखटतेलाचे बोट टेकवून डिस्कची ओळख विचारली. लिनक्सने डिस्कना दिलेली एसडीए, एसडीबी ही नावे संगणक पुन्हा सुरू केल्यावर आपसांत बदलू शकतात, म्हणून सुरू होताना कोणती डिस्क कोठे जोडायची याची यादी असलेल्या एफस्टॅब फाइलमध्ये यूयूआयडी हा लांबलचक क्रमांक लिहायचा असतो. "गट नंबर," ते म्हणाले, आणि तो अक्षर अन् अक्षर वाचून पडताळायला लागले. त्या ओळीत 'नोफेल' लिहिले नाही, तर डिस्कची वायर निघाल्याच्या दिवशी संगणक सुरू व्हायचे सोडून आणीबाणीच्या काळ्या पडद्यावर अडून बसतो. ते मात्र मी लिहिले, मला ठाऊक होते म्हणून लिहिले, पण याची नोंद घरात कोणीही घेतलेली नाही.

त्यानंतर सांबा. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२च्या सुमारास सुरू केलेली ही प्रणाली विंडोजच्या यंत्रांना लिनक्सवरील फाइली दाखवते. मांडणी तपासण्याची आज्ञा दिली. सारे ठीक असल्याचे उत्तर आले. सूनबाईंचा लॅपटॉप मात्र म्हणाला की तुम्हाला परवानगी नाही, नेटवर्कच्या प्रशासकाशी संपर्क साधा. या घरात प्रशासक मीच असल्यामुळे संपर्काची अडचण नव्हती, उपयोग मात्र शून्य होता. नाव-पासवर्डाविना पाहुणा म्हणून शिरण्याची जुनी पळवाटही विंडोज ११ प्रोने २०२४पासून बंद केली आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच असेल. पण कोणाची परवानगी नाही, फोल्डरची, वापरकर्त्याची की पासवर्डाची, हे एका ओळीत सांगायला त्या संदेशाला कोणता खर्च येणार होता? फुकटच्या प्रणालीकडून कोणी सौजन्याची अपेक्षा करत नाही, परंतु विकतच्या प्रणालीनेही तोंडात मिठाची गुळणी धरावी, याचा मला खरोखरच संताप येतो.

मी डोके धरून बसलो असताना भाऊसाहेबांनी भडंगातला शेंगदाणा वेगळा काढला आणि विचारले, "खातेदार केला म्हणताय, पण फेरफार मंजूर केलाय का?"

वस्तुस्थिती अशी की सांबा स्वतःचे पासवर्ड वेगळे ठेवते. लिनक्सवर वापरकर्ता असला, तरी सांबाच्या दप्तरी त्याची स्वतंत्र नोंद घालावी लागते, आणि माझ्या हातातल्या मार्गदर्शिकेत ही बाब सर्वांत शेवटी, जाता जाता सांगितलेली होती. तेथवर मी दोन मिनिटांत पोहोचणारच होतो. आज्ञा दिली, पासवर्ड घातला आणि आजोबांचा हरभट रोडवरचा फोटो लॅपटॉपवर उघडला.

"भाऊसाहेब होते म्हणून झालं हो!" स्वयंपाकघरातून आवाज आला. त्यांना दुसरा चहा मिळाला. मला विचारण्यातही आले नाही.

आता ते मला जिन्यात अडवून म्हणतात, "मिरजेला मेव्हण्याकडं पण असलंच बसवायचंय. रविवारी जाऊ. तुम्ही फक्त टायपिंग करा, बाकीचं मी बघतो."