नसलेल्या डब्याचं झाकण

सोसायटीच्या ऑफिसातून बोलावणं आलं तेव्हा मेंटेनन्सचं काही असेल म्हणून मी पावत्या घेऊन गेलो. पावत्यांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या लिफ्टमधल्या ‘वर्तना’बद्दल तक्रार आली होती आणि सीसीटीव्हीचं फुटेज काढून तयार ठेवलं होतं.

मी अ‍ॅनिमेटर आहे. सध्या एका जाहिरातीतली आजी माझ्या गळ्यात पडली आहे. आजी लाडवांचा डबा उघडते, डबा रिकामा, समोर नातू उभा आणि त्याच्या गालाला बेसन. आजीला राग येतो, तो ती गिळते आणि जसं काही कळलंच नाही अशा थाटात झाकण लावते. शॉट चार सेकंदांचा, म्हणजे 96 फ्रेम्स. असलं काही काढायच्या आधी स्वतः करून बघावं लागतं. टेबलावर आरसा ठेवायची रीत आमच्या धंद्यात कागद-पेन्सिलच्या काळापासून आहे. पण त्या आरशात नुसता चेहरा मावतो, आणि राग आधी खांद्यांत येतो. घरातला उंच आरसा कपाटाला आहे. त्याच्यापुढे बॅगा रचल्यात आणि त्या हलवायचा अधिकार मला नाही. राहिली लिफ्ट. दुपारी तिच्यात चिटपाखरू नसतं.

माऊस खजिनदार काकांच्या हातात होता. वीज मंडळातून निवृत्त झालेले गृहस्थ. मीटरमधली चोरी पकडण्यात हयात गेली. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

“हातात काय आहे तुमच्या?”

“डबा.”

काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि स्क्रीनला नाक लावलं. “दिसत नाहीये.”

“नाहीच आहे, काका.”

“मग हे आत्ता काय उघडलंत?”

“झाकण.”

“कशाचं?”

“डब्याचं.”

काकांनी सेक्रेटरी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल याचा मी अजून विचार करतो आहे.

“आता इथे चिडलात. कुणावर?”

“नातवावर.”

“तुमचा मुलगा तर आठवीत आहे!”

“मी तेव्हा आजी होतो, काका.”

यावर कुणीच काही बोललं नाही. पंखा तेवढा कुरकुरत होता. काकांनी क्लिप पहिल्यापासून लावली. मग एक-एक फ्रेम पुढे सरकवायचं बटण त्यांना सापडलं आणि माझी धडगत राहिली नाही. आमच्या सोसायटीचा कॅमेरा सेकंदाला जेमतेम दहा-बारा चित्रं घेतो. तसं पाहिलं तर हाताने चित्रं काढून केलेल्या अ‍ॅनिमेशनमध्येही बरंचसं काम सेकंदाला 12 चित्रांवरच भागवतात, एकेक चित्र दोन फ्रेम्स धरून ठेवायचं. तेवढ्यावर त्या लोकांनी जगाला रडवलं. मी मात्र तेवढ्यातच अंगात आल्यासारखा दिसत होतो.

आजीचा पोक जमला नव्हता हे माझ्या लक्षात आलं. वजन उजव्या पायावर हवं होतं. मी तसं म्हणालोही. काका म्हणाले, “तो विषय वेगळा.”

आणि मग ते थांबले. रागानंतर आणि हसू फुटायच्या आधीच्या फ्रेमवर बोट ठेवून म्हणाले, “आणि इथे. इथे तुम्ही काहीतरी ठरवलंत. हात हलत नाही, मान हलत नाही, पण डोक्यात शिजतंय. मला कळतं.”

माझ्या अंगावर काटा आला. अहो, या एका जागेसाठी तर सगळा खटाटोप! चित्र हलवणं हा भाग कुणीही शिकतो. चित्र विचार करतंय असं बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, आणि विचार हालचालीच्या आधी दिसला पाहिजे. आधी डोळे, मग मान, मग हात. डिस्नेच्या बिल टायटला नावाच्या अ‍ॅनिमेटर बाबाने 1941 च्या ‘डंबो’ सिनेमातलं हत्तीचं पिल्लू रंगवलं ते आपल्या घरातलं लहान पोर बघून. अंघोळ झाल्यावर आईच्या पायांमधून लपाछपी खेळणारं ते पिल्लू बघा. हत्ती कुठेच नाही, अंग न पुसता पळालेलं कार्टं आहे. अख्ख्या सिनेमात ते एक शब्द बोलत नाही. निक पार्क या इंग्लिश अ‍ॅनिमेटरचा ग्रोमिट तर मातीचा कुत्रा, 1989 पासून पडद्यावर आहे आणि त्याला तोंडच नाही. भुवईच्या जागी मातीची एक घडी. ती बोटाने जराशी खाली ढकलली की आपल्या मालकाच्या अकलेबद्दल त्याचं काय मत आहे ते आपल्याला कळतं. आपल्याकडे निळू फुले नुसते मान तिरकी करून बघायचे आणि पुढच्या रांगेतल्या बाया पदर सावरायच्या. पण निळूभाऊंकडे निदान स्वतःची मान होती. आम्हाला तीही काढावी लागते.

आणि याच जागेवर क्लायंटने लाल गोल करून पाठवला होता: ‘इथे आजी अडकली आहे का? थोडी हलवा.’ हलवा! बिचारी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा थांबून विचार करते आहे, तर म्हणे हलवा. डोळ्यांची उघडझाप करा, पदर वाऱ्यावर उडवा, मागे मांजर न्या. स्वयंपाकघरात कुठला आला वारा?

तर जे क्लायंटच्या चार-पाच जणांच्या टीमला दिसलं नाही, ते काकांना फुकटात दिसलं. मी खुर्ची त्यांच्याजवळ सरकवली. “काय ठरवलं असेल मी, काका? बघून काय वाटतं?”

“सरळ आहे,” काका म्हणाले. “आरसा उचकटायचा बेत होता. कॅमेऱ्याकडे लक्ष गेलं, रद्द केलात.”

तरीही मी ती क्लिप मागितली. काही झालं तरी कामाची होती. मोबाईलवर स्वतःला शूट करताना माणूस कॅमेऱ्यासाठी करायला लागतो. इथे मी खरा होतो.

“फुटेज बाहेर द्यायला कमिटीचा ठराव लागतो.”

“पण त्यात मीच आहे!”

“म्हणूनच.”

पाचव्या मजल्यावरच्या गृहस्थांचा कुत्रा याच लिफ्टमध्ये काय करतो ते सगळ्या विंगला वासावरून ठाऊक आहे. त्याचं फुटेज काढायला मात्र कुणाचा माऊस चालत नाही.

खरं सांगायचं तर मला लिफ्टचं एवढं लागलं नाही. लागलं ते काकांचं निघतानाचं वाक्य: “एवढी हौस आहे तर नाटकात का जात नाही? हे कार्टून आहे ना, त्यात कसली अ‍ॅक्टिंग?” यात काकांना तरी काय बोलणार? सगळी दुनिया हेच म्हणते. 1992 च्या ‘अलादिन’मधला जिनी म्हटलं की लोक रॉबिन विल्यम्स म्हणतात. म्हणावंच, आवाज भन्नाट आहे. पण त्या आवाजाला हात, पोट, कंबर आणि खोडसाळ डोळे देणाऱ्या एरिक गोल्डबर्गचं नाव जिनीवर जीव टाकणाऱ्या किती जणांना सांगता येईल? हल्ली तर पोस्टरवर आवाजवाल्या स्टारचं नाव ठळक, मुलाखती त्याच्या, कौतुक त्याचं. पात्र रंगवणारा मात्र शेवटच्या नामावळीत असतो, आणि ती सुरू होईपर्यंत लोक पार्किंगमध्ये पोचलेले असतात. आमच्या छोट्या जाहिरातींना तर नामावळीही नसते. बिल 90 दिवसांनी निघतं, तेही तीनदा आठवण केल्यावर.

संध्याकाळी ग्रुपवर सूचना आली: ‘लिफ्टमध्ये नृत्य, नाट्य व तत्सम प्रकार करू नयेत.’ खाली बावीस अंगठे. त्यात एक आमच्या घरातला.

शॉट मी आठवणीवर पूर्ण केला. वजन उजव्या पायावर घेतलं, आणि त्या जागेवर आजीला हलवली नाही म्हणजे नाही. परवा क्लायंटची मेल आली: ‘आजी एकदम जिवंत! सगळ्यांना आवडली. व्हॉइस आर्टिस्ट कोण आहे? पुढच्या जाहिरातीलाही त्यांनाच घेऊ.’

आजी चार सेकंदांत तोंडच उघडत नाही.

मी त्याच मेलला मागचं बिल जोडून परत पाठवलं आहे.