प्युअर कॉटन हाय ना जी!

गावाभोवती जिकडे पाहावं तिकडे पऱ्हाटी, आणि गोधडीसाठी सुती कापड ओळखायला मात्र काडेपेटी लागते. आठवडी बाजारातला कापडवाला प्रत्येक ठाणावर हात आपटून सांगतो, "प्युअर कॉटन हाय ना जी ताई, हात लावून पाहा!" हे तो पॉलिस्टर मिसळलेल्या टेरिकॉटबद्दलही तितक्याच श्रद्धेनं सांगतो.

वाद घालण्यात अर्थ नाही. मी उभे-आडवे असे दोन्हीकडचे धागे उपसते, कारण कधीकधी एकाच बाजूचं सूत खरं असतं. दुकानापासून लांब जाऊन पेटवते. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो, राख मऊ, करडी. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाशी टणक काळा मणी होतो. मणी दाखवला की प्युअरवाला लगेच मिलवाल्याला शिव्या घालू लागतो.

मांजरपाट, म्हणजे जाडंभरडं कोरं सुती कापड, दुकानात कसा ताठ उभा असतो! ती सगळी खळीची ऐट. दोन बोटांत चोळला की पीठ गळतं, धुतला की जाळी दिसते. अस्तराला चालतो, पण आधी रात्रभर भिजवून, वाळवूनच. कोरं कापड शंभरात पाच आटलं, तर दोन मीटरमागे दहा सेंटिमीटर जातात. मधल्या थरातलं जुनं धोतर वर्षानुवर्षं धुवून केव्हाच आटलेलं, ते हलत नाही. न भिजवता लावलं, तर अस्तर तेवढं आकसतं आणि पहिल्याच धुण्यात गोधडी भाजलेल्या पापडासारखी होते.

पॉपलिनची वीण दाट, त्यामुळे हातटाक्याला सुई अडते आणि बोट सोलतं. त्यापेक्षा केम्ब्रिक हे हलकं सुती कापड बरं. मलमल एकटी टिकत नाही, पण मधल्या थराला तिच्यासारखी मऊ दुसरी नाही.

तरी सगळ्यांत शहाणं ते जुनं सुती नऊवारी. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. चौपदरी घडी घातली की पावणेसात फूट लांबी आयती मिळते. फक्त उजेडाला धरून पाहावं. लुगडं नेमकं बसायच्या जागी विरलेलं असतं, ठिगळ तिथंच.

लाल तुकड्यावर ओली पांढरी चिंधी घासून बघायची. चिंधी गुलाबी झाली तर तो तुकडा वेगळा धुवायचा, रंग थांबेपर्यंत. शिंप्याकडच्या तिरप्या चिंध्या ओढल्या की लांबतात, त्या काठाला लावल्या तर काठाला लाटा येतात. मध्यात बसवाव्यात.

आणि कुणी प्रेमानं सिंथेटिक साडी आणून दिलीच, तर ती पाहुण्यांच्या गोधडीत घालावी. घाम टिपत नाही, त्यामुळे मुक्काम वाढत नाही.